कासवाच्या पाठीवरचा पंप

ज्या कासवाबद्दल मी लिहितो आहे ते आता कुठेच नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण दारव्ह्याच्या बाजारात अजूनही कोणी ना कोणी मला अडवून विचारतं, "मनोहरभाऊ, तुमचं ते समुद्राचं कासव काय म्हणते?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. आमच्या जिल्ह्यातून समुद्राकडे फार काही जात नाही. कापूस जातो, तोही गाठी बांधून, आणि पुढे त्याचं काय होतं ते आम्हाला कळत नाही. कासव मात्र आमच्या गावाच्या नावाने गेलं होतं, त्यामुळे त्याची खुशाली विचारायचा हक्क सगळ्यांनाच आहे. मी "बरं आहे" म्हणतो आणि भाजीची पिशवी सांभाळत पुढे सटकतो. पण सटकून सटकून माणूस किती सटकणार? एकदा नीट सांगायलाच हवं होतं.

माझी सगळी नोकरी बसगाड्यांच्या पत्र्यात गेली. ठोकर खाऊन आलेली गाडी आगारात उभी राहायची आणि आम्ही तिचे पोचे काढायचो, फाटलेला पत्रा कापून नवा बसवायचो, रिव्हेट मारायचो. निवृत्त झालो तेव्हा सुरुवातीला झोप काढली, मग घरातल्या डब्यांचे पोचे काढायला लागलो. धान्याची कोठी, पिठाचा डबा, देवाचं ताम्हण, सगळं ठोकून झालं. शेवटी बायको म्हणाली, "तुमाले ठोकाचंच असन तं रहीमभाईच्या दुकानात जाऊन ठोका ना. माह्या भांड्याइच्या मागं कायले लागले?" तिचं म्हणणं रास्त होतं.

रहीमभाई वेल्डर. बाजाराच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान. आयुष्यभर फाटकं, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हुक केले. पण तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडाचे बैल घेऊन निघतात ना, तेव्हा ज्यांच्याकडे लाकडाचा नाही अशा मुलांना तो उरल्यासुरल्या लोखंडातून बैल करून द्यायचा. त्या बैलांच्या मानेत असा काही ताठा असायचा की लाकडाचे बैल त्यापुढे आजारी वाटायचे. हात कलाकाराचा आणि तोंड वेल्डरचं, असा तो माणूस. मी पहिल्या दिवशी एका बैलाच्या पाठीवर पत्रा बसवला तर माझ्याकडे न बघता म्हणाला, "भाऊ, हा बैल हाये. बस नोहे. त्याच्यात सीटा नोका टाकू."

आमच्या कामाला लोक शिल्पकला म्हणायला लागले ते फार नंतर. आम्ही त्याला भंगाराचं काम म्हणतो. आधी सळईचा सांगाडा करायचा. जनावर कसं उभं आहे, दमलं आहे की माजलं आहे, ते सांगाड्यातच ठरतं. तिथे चुकलं तर वरून काहीही लावा, उपयोग नाही. मग त्यावर मांस चढवायचं: मोटरसायकलच्या चेन, क्लचप्लेटा, वखराची पास, म्हणजे जमीन खरवडतं ते आडवं पातं. शेवटी कातडी, आणि ती मात्र आताच्या शेतीने आम्हाला फुकट पुरवली. ठिबकच्या फाटक्या नळ्या, बियाण्याच्या चकचकीत पिशव्या, औषधांच्या बाटल्या. पूर्वी बांधावर गवत असायचं, आता हे असतं. जोडणं सोपं आहे, ते कोणीही शिकेल. अवघड आहे ते ढिगातून निवडणं. रहीमभाई ढिगापुढे उकिडवा बसायचा, विडी विझून जायची, आणि मग एकदम म्हणायचा, "हे पाहा, इथं नाक पडेल हाये." आम्हाला तो तुटका विळा दिसायचा. लावल्यावर नाक दिसायचं.

आमची जी एक पद्धत पुढे पडून गेली, ती गुलाबरावांमुळे. हे केळापूरकडचे शेतकरी, म्हणजे आमच्यापासून चांगलेच लांब. त्यांचा चंद्या नावाचा बैल म्हातारा होऊन गेला होता आणि त्यांना तो भंगारातून करून हवा होता. फोटो एकच, तोही लग्नातला, त्यात बैल अर्धा आणि नवरदेवाचे मामा पूर्ण. गुलाबराव जीप बदलत बदलत यायचे, स्टुलावर बसायचे आणि चुका काढायचे. शिंग थोडं आत घ्या. वशिंड एवढं नव्हतं. रहीमभाईने जीव लावून दोन्ही कान केले तर म्हणाले, "डावा कान फाटेल होता त्याचा." रहीमभाईने माझ्याकडे पाहिलं, कटर घेतला आणि कान फाडला. गुलाबरावांनी उठून त्या कानावरून हात फिरवला. म्हणाले, "हा. आता चंद्या झाला." आणि पिशवीतून चंद्याच्या गळ्यातली घंटी काढून त्यांनी त्या लोखंडी गळ्यावर बोट ठेवलं, "इथं."

रहीमभाईने त्यांच्यासमोर तिथे टाका मारला. टाका म्हणजे वेल्डिंगचा पहिला ठिपका. तो बसला की वस्तू जागची हलत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या खांद्याला हळद-लोणी लावून दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. गुलाबराव ते आवतण भंगाराच्या चंद्यालाही देतात असं ऐकलं. ऐकून रहीमभाई हसला नाही. उलट म्हणाला, "द्याले पाह्यजे. त्यानं कान फाडून घेतला."

तेव्हापासून लोक वस्तू घेऊन यायला लागले. बापाच्या सायकलची चेन, आईच्या शिवणयंत्राचं चाक, सासऱ्याचा अडकित्ता. ज्याची वस्तू त्याने बोट ठेवायचं आणि टाका त्याच्या डोळ्यांपुढे पडायचा, हा आमचा नियम झाला. मग तो माणूस त्या शिल्पाचा थोडा मालक. नंतर त्याच्या परवानगीशिवाय आम्हीसुद्धा ती वस्तू हलवायची नाही. एका पुढाऱ्याने चौकात आमच्याकडून मोर करून घेतला. उद्घाटनाच्या दिवशी त्याला वाटलं, मोराने आपल्या कार्यालयाकडे बघावं. मान फिरवायची तर मानेतल्या सगळ्या वस्तूंच्या मालकांना बोलवावं लागेल, असं रहीमभाईने त्याला शांतपणे सांगितलं. पुढाऱ्याला वाटलं हा चेष्टा करतो आहे. शेवटी त्याने कार्यालयाची पाटी मोराकडे तोंड करून लावली. आज त्या मोराच्या पिसाऱ्यावर वाढदिवसाचे फलक बांधतात, एवढं सोडलं तर तो सुखी आहे.

आता वंदना. ती बोरी अरबची, काळीपिवळी जीपने यायची. शेतात काम नसेल तेव्हा आमच्याकडे भंगार निवडायचं आणि धुवायचं काम करायची. तिचा नवरा देविदास मजुरीने फवारणी करायचा. एका हंगामात कपाशी डोक्याच्या वर गेली होती. तिच्यात शिरून तो दिवसभर फवारत होता. संध्याकाळी घरी आला तो डोळ्यांना दिसत नाही म्हणत. दवाखान्यात नेलं. औषध अंगात गेलं होतं. तो परत आला नाही. वंदनाने हे मला एकदाच सांगितलं, तेही बाटल्या धुता धुता, माझ्याकडे पाठ करून.

त्यामुळे धुण्याच्या बाबतीत आमच्या दुकानात तिचं राज्य होतं. तोंडाला ओढणी, हातात रबरी मोजे. औषधाची बाटली वाळू आणि साबण घालून पुन्हा पुन्हा खळबळायची, बुडाला भोक पाडायचं, उन्हात उलटी ठेवायची. धुतलेलं पाणी नालीत सोडायचं नाही, मागच्या खड्ड्यात. तिने धुतली नाही अशी एक बाटलीही कामाला लागत नसे. रहीमभाईने एकदा घाईत न धुतलेली बाटली उचलली तर त्याच्या हातातला चहाचा कप तिने काढून घेतला. "आधी हात धुवा मिस्त्री. मंग चहा." रहीमभाई, ज्याने पुढाऱ्याचं ऐकलं नाही, तो निमूट उठला आणि कोपरापर्यंत हात धुऊन आला.

समुद्र आमच्या आयुष्यात आला तो केतकी मॅडमच्या रूपाने. कोकणातल्या एका किनाऱ्यावर त्यांच्या मंडळींनी पर्यावरणाची कलावाट करायचं ठरवलं होतं. म्हणजे किनाऱ्याने चालत जायचं आणि वाटेत जागोजागी टाकाऊ वस्तूंची शिल्पं बघायची. समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकबद्दल लोकांनी विचार करावा हा हेतू. गावोगावचे आमच्यासारखे लोक त्यासाठी शोधले होते. आमच्या वाट्याला कासव आलं, कारण त्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात.

कासव आम्ही पाहिलं होतं, अडाण नदीचं. तसंच केलं. चार पाय, पायांना नखं, मान आत ओढलेली. रहीमभाईने नखांसाठी खास ट्रॅक्टरच्या स्प्रिंगचे तुकडे घासले. फोटो पाठवला तर मॅडमचा लगेच फोन. समुद्राच्या कासवाला पाय नसतात, वल्ही असतात, आणि मान आत जात नाही.

"पाय नाही तं चालते कसं?" रहीमभाईने विचारलं.

"ते पोहतं, काका. जमिनीवर फक्त अंडी घालायला येतं, तेव्हा वल्ह्यांनीच सरकत येतं."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "बाप्पा! म्हणजे बाळंतपणाले एवढं घसटत येते बिचारं?" आणि त्याने ते घासलेले तुकडे कापून टाकले. वल्ह्यांसाठी वखराच्या पासा घेतल्या. मोठ्या, झिजून मधे पातळ झालेल्या. कासव आता खरोखर सरकत आल्यासारखं दिसायला लागलं. पाठीवर ठिबकच्या नळ्यांची वेटोळी, बाटल्यांचे काप, आणि मधोमध मोकळी जागा. तिथे काय लावावं हे रहीमभाईला सुचत नव्हतं. रोज ढिगापुढे बसायचा आणि उठायचा.

एका सकाळी वंदना जीपमधून उतरली ती काखेत जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. ओट्यावर ठेवून तिने लुगडं सोडलं. पाठीवरचा फवारणीचा पंप. पिवळी टाकी, काळपटलेले पट्टे, दांड्याला साडीची चिंधी बांधलेली.

"मिस्त्री, हा लावता का कासवाले?"

रहीमभाईने लगेच ओळखलं. "देविदासचा?"

"हाव. घरात कोनी हात लावत नाही त्याले. भंगारात देऊ वाटत नाही. अन् वापराले तं कोनाले देऊ मी?" दांड्याची चिंधी नीट करत म्हणाली, "टीव्हीवर समुद्र दिसला का त्याचा घास हातात राहे. एकडाव जाऊ म्हणे आपुन. हा तरी जाऊ द्या."

टाकीच्या कडेला वाळलेल्या मातीची बोटं उमटलेली होती. पंप पाठीवरून उतरवून ठेवताना धरतात तशी. झाकण उघडून पाहिलं तर तळाला पिवळसर थर वाळून घट्ट बसला होता. रहीमभाई सवयीने पंप घेऊन मागच्या पाण्याच्या टाक्याकडे निघाला, पण वंदनाने तो पट्ट्याला धरून थांबवला.

"हा नोका धुऊ."

दुकानात हे वाक्य तिच्या तोंडून कधी आलं नव्हतं.

"पानी लागलं तं त्याची बोटं जाइन," ती म्हणाली.

रहीमभाईने झाकण पक्कं बसवलं, नळीचं तोंड बंद केलं, मातीच्या बोटांना पुसटसाही हात लागू न देता वॉर्निश मारलं. वंदनाने कासवाच्या पाठीवरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. प्लास्टिकच्या टाकीला वेल्डिंग चालत नाही, म्हणून लोखंडी पट्टी वाकवून टाकीला कवेत घेतलं आणि पट्टीचे टाके सांगाड्याला मारले. टाका पडताना डोळे मिटून घे असं सांगूनही तिने मिटले नाहीत. नंतर दिवसभर डोळे चोळत होती.

"हा माहा हाये तिथं," जाताना म्हणाली. "मले दाखवाले न्याल."

"हे काय विचारणं झालं?" रहीमभाई म्हणाला. "तू तं मालकीन."

कासव टेम्पोतून गेलं, आणि त्याच्यासोबत आम्ही दोघं. बसची नोकरी केली म्हणून मी सगळा महाराष्ट्र पाहिला असं लोकांना वाटतं. मी फक्त बसगाड्या पाहिल्या होत्या. समुद्र दिसल्यावर मला अगदी लहान मुलासारखं रडू येईल की काय असं वाटलं. रहीमभाई पायजमा वर करून पाण्यात गेला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला. "एवढं पानी, अन् घोटभर पेता येत नाही," म्हणाला. त्याला देवाचा हा हिशेब पटला नाही.

किनाऱ्यावर एक चहाचं खोपट होतं. त्याच्या खिडकीचे गज गंजून मधेच तुटलेले, दाराची कडी हात लावला तर तुकडे पडतील अशी. आम्ही चहा घेत त्या माणसाच्या संसारावर मतं दिली. "आयशी मानूस दिसते," रहीमभाई म्हणाला. "एक हात रंगाचा माराले काय जाते याचं?" मीही मान हलवली. आमच्याकडे लोखंडाला तांबड्या रंगाचा एक हात दिला की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. माझ्या घराचं फाटक वडिलांच्या वेळचं आहे. कासवाच्या सांगाड्याला तर आम्ही दोन हात दिले होते आणि त्याचा आम्हाला अभिमान होता. चहावाला आळशी नव्हता. तिथली हवाच लोखंड खाते, हे त्याला माहीत होतं आणि त्याने हात टेकले होते. आम्ही त्याच्या समोर बसून, त्याच्या गंजलेल्या खिडकीकडे बघत चहा प्यायलो आणि आम्हाला काही कळलं नाही. आजही मला सगळ्यात जास्त ती खिडकी आठवते.

कासव वाळूच्या वरच्या अंगाला, भरतीच्या रेषेपासून दूर बसवलं. आजूबाजूला दुसऱ्या गावांची शिल्पं होती: चपलांचा मासा, जाळ्यांचा बगळा. पण लोक कासवापाशी थांबायचे आणि पंपाकडे बोट दाखवून विचारायचे. मी अर्धं सांगायचो, उरलेलं रहीमभाई त्याच्या हिंदी-वऱ्हाडीत पुरं करायचा. कोणी मुंबईच्या बाई ऐकून तिथेच वाळूत बसल्या. उद्घाटनाला फोनवरून वंदनाला कासव दाखवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "पंपाचं तोंड कुकडे हाये?"

"समुद्राकडं."

"बरं केलं." मग फोन जवळ घेऊन तिने समुद्र नुसता पाहिला. आम्ही हात दुखेपर्यंत फोन धरून उभे राहिलो. "मले कधी नेता?" तिने शेवटी विचारलं.

लवकरच, असं आम्ही म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. पण तेव्हा कापसाची वेचणी चालू होती, ते दिवस सोडून ती कशी येणार? वेचणी संपली तेव्हा रहीमभाईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मग ऊन असं तापलं की तिलाच नको वाटलं. मग ती म्हणाली, पावसाच्या आधी जाऊ. पाऊस लवकर आला, पेरणी झाली, निंदण सुरू झालं. यात कोणाची चूक दाखवता येत नाही. कोणीतरी चुकलं असतं तर मला जरा बरं वाटलं असतं.

पोळा होऊन गेल्यावर केतकी मॅडमचा फोन आला. त्या आधी नुसत्याच "काका, काका" म्हणत राहिल्या. उधाणाच्या भरतीला वादळी पाऊस मिळाला होता, पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर आलं होतं. बगळा आडवा पडला, मासा तग धरून होता. कासवाचा सांगाडा गंजून आतून पोकळ झाला होता. पाठीच्या पट्ट्या तुटल्या आणि पाठ उघडून गेली. नळ्या, बाटल्या, पिशव्या, सगळं पाण्याने नेलं. त्यांच्या मंडळींतल्या मुलांनी दुसऱ्या दिवशी किनारा धुंडाळून पोतं-दोन पोती गोळा केली. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "पंप नाही सापडला, काका. आम्ही खूप शोधला."

समुद्रात प्लास्टिक जाऊ नये म्हणून आम्ही कासव केलं होतं. ते कासवच प्लास्टिक होऊन समुद्रात गेलं. मी हे रहीमभाईला सांगितलं तेव्हा तो ग्राइंडर चालवत होता. त्याने ग्राइंडर बंद केला नाही. तसाच धरून राहिला, ठिणग्या भलतीकडे उडत राहिल्या, आणि ज्या फाटकावर काम चाललं होतं त्याला खोल खाच पडली. मग म्हणाला, "तो चहावाला..."

मॅडम चांगल्या बाई आहेत. त्यांनी आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. उलट गंजासाठी काय करायचं असतं हे आपल्यालाही कळायला हवं होतं असं म्हणाल्या. दुसरं कासव करा, या वेळी न गंजणारं लोखंड देते असंही म्हणाल्या. रहीमभाईने हात जोडले. त्याने त्यानंतर किनाऱ्यासाठी काही केलं नाही. पोळ्याचे बैल करतो. मीही त्याच्याकडे जातो, पत्रे कापून देतो. पण हे सगळं पुढचं झालं. त्याआधी बोरी अरबला जाणं भाग होतं.

आम्ही संध्याकाळच्या जीपने गेलो. वाटभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. वादळ आलं, सगळ्यांचंच नुकसान झालं, असं सुरू करायचं की सरळ पंपापासून? वंदना नुकतीच निंदणावरून आली होती, पायाला चिखल तसाच. आम्हाला दोघांना दारात पाहून तिला आधी आनंद झाला. तिला वाटलं, न्यायला आले.

"कधी निंगाचं?" तिने विचारलं.

जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच राहिली. रहीमभाईच बोलला. "पोरी, कासव गेलं. समुद्र वर आला अन् घेऊन गेला."

"अन् पंप?"

"तोही."

ती ओट्यावर बसली. आम्हालाही बसा म्हणाली. मला वाटलं आता रडेल, किंवा आम्हाला बोलेल. बोलली असती तर बरंच झालं असतं. देविदासची शेवटची वस्तू तिने आमच्या हातात दिली होती आणि आम्ही ती सांभाळली नव्हती. ती नखातली माती काढत राहिली. मग तिने मान वर केली.

"मिस्त्री, मी तो धुतला नोता."

"हाव. माहीत हाये."

"टाकीच्या तयाले पिवयं औषध होतं अजून. झाकन निंगालं असन तं... तिथल्या माशाइले काही झालं तं नसन?"

रहीमभाईला हे अपेक्षित नव्हतं. मलाही नव्हतं. तो तिला समजवायला जवळजवळ घाईनेच म्हणाला, "कायचं होते त्याले? मी पाह्यला ना समुद्र. लय मोठा हाये तो. नजर पोचत नाही. एवढ्याशा पंपानं त्याचं काय होते, बाई?"

वंदनाने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आलेला नव्हता.

"वावरबी मोठंच होतं, मिस्त्री," ती म्हणाली. "उघडं होतं. वाराबी होता."

यानंतर आम्हाला तिथे बसवेना. तिने चहा ठेवला होता म्हणून बसलो. तो तिने आम्हाला हात धुवायला लावून मगच दिला.

दुसऱ्या दिवशी निंदण सोडून ती सकाळच्या जीपने दारव्ह्याला आली. काम सांगितलेलं नव्हतं. आमच्या दुकानामागे उन्हात बाटल्या सुकत ठेवल्या होत्या, सगळ्या तिनेच धुतलेल्या. तिने तोंडाला ओढणी बांधली, मोजे घातले, त्या सगळ्या उचलून पाण्याच्या टाक्यापाशी आणल्या आणि पुन्हा पहिल्यापासून धुवायला घेतल्या. रहीमभाई तिला काही सांगायला उठला, मग बादली घेऊन पाणी आणायला गेला.